मिठाने खाल्लेली गाडी

मीठ कशात ठेवायचं, हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. खडेमीठ चिनीमातीच्या बरणीत, आत लाकडी चमचा. कुणी चुकून ते पत्र्याच्या डब्यात भरलंच, तर थोड्याच दिवसांत डब्याचं बूड हातात येतं. आमच्या गुहागरच्या घरी तर हा धडा घरभर लिहिलेला होता. घर समुद्राच्या अगदी जवळ. खिडक्यांचे गज, दाराच्या कड्या, विहिरीवरची कप्पी, अप्पांची स्कूटर, सगळ्याला खारा वारा लागायचा आणि सगळ्याचे पापुद्रे निघायचे. पावसाळ्याआधी आई घरातले कोयते, विळे, कुदळी काढून बसायची. पुसून कोरडे करायचे, तेलाचा बोळा फिरवायचा आणि मग माळ्यावर.

हे सगळं बघत वाढलेली मी. तरी अमेरिकेत माझी स्वतःची गाडी तीन हिवाळे मिठात मुरत राहिली आणि माझ्या ते लक्षातसुद्धा आलं नाही. लक्षात आलं ते एका फेब्रुवारीत. ब्रेकवर पाय दाबला आणि पाय खाली गेला तो गेलाच.

पण आधी हे मीठ रस्त्यावर येतं कुठून ते सांगते.

लग्नानंतर २००६ मध्ये मी मिशिगन राज्यात आले, डेट्रॉइट शहराच्या उपनगरात. पहिला बर्फ पडला त्या रात्री खिडकीतून बघितलं, तर एक मोठा ट्रक पिवळा दिवा फिरवत चालला होता आणि त्याच्या मागून रस्त्यावर काहीतरी उधळलं जात होतं. गुलाल उधळावा तसं. मी नवऱ्याला विचारलं, "हे काय टाकतायत?" तो म्हणाला, "मीठ." मला वाटलं, चेष्टा करतोय.

चेष्टा नव्हती. आपण पूर्वी घरी पॉटचं आईस्क्रीम करायचो, आठवतं? लाकडी बादलीत बर्फ भरायचा आणि वर मूठमूठ खडेमीठ टाकत दांडा फिरवायचा. मीठ पडलं की बर्फ वितळायला लागतो, कारण खारं पाणी शून्य अंशाला गोठत नाही, त्याला आणखी थंडी लागते. रस्त्यावरचं तत्त्व तेच. साधं मीठ उणे ९ अंशांच्या आसपासपर्यंत नीट काम करतं. त्याहून कडाक्याची थंडी असेल तर कॅल्शियम क्लोराईड किंवा मॅग्नेशियम क्लोराईडसारखे क्षार वापरतात. काही ठिकाणी तर बर्फ पडायच्या आधीच रस्त्यावर मिठाचं पाणी फवारून ठेवतात. अमेरिकेत दर वर्षी सुमारे २ कोटी टन मीठ असं रस्त्यांवर जातं.

त्या मिठाला शिव्या द्यायच्या नाहीत हं. ते नसतं तर रोज सकाळी किती गाड्या घसरून एकमेकींवर आदळल्या असत्या. माणसं वाचवण्यासाठीच ते टाकतात. फक्त वितळलेला खारा चिखल चाकांबरोबर वर उडतो आणि गाडीच्या पोटाला चिकटून बसतो. सलवारीची खालची कड पांढरी होते, बुटांवर पांढऱ्या रेघा उठतात, ते दिसतं. गाडीचं पोट काही दिसत नाही.

आता माझ्या गाडीविषयी. तेव्हा मी अवलंबितांच्या व्हिसावर होते, नोकरीची परवानगी नव्हती. नवरा सकाळी सातला जायचा, अधूनमधून आठवडाभर गावाला. आमच्या भागात बस नावापुरती. भाजी आणायची तरी गाडी, मुलाला डॉक्टरकडे न्यायचं तरी गाडी. गाडी नाही म्हणजे बाईला पाय नाहीत. दोन वर्षं मी खिडकीत बसून काढली. मग २००८ मध्ये साठवलेल्या पैशांतून नऊ वर्षं जुनी, निळ्या रंगाची एक छोटी गाडी घेतली. ती दारात उभी राहिली त्या दिवशी मी तिला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला आणि एकटीच चार मैलांवरच्या वाचनालयात जाऊन आले. तिथे केलं काहीच नाही. नुसती बसले आणि परत आले. पण तो आनंद काही वेगळाच होता!

म्हणून मी त्या गाडीला जपायची. निदान मला तसं वाटायचं. आतून चकाचक, काचा लख्ख, वासाची छोटी बाटली टांगलेली. हिवाळ्यात बाहेरून फडकं मारायची. घराला लागून गॅरेज होतं, त्यात नवऱ्याने छोटा हीटर बसवून घेतला होता. रात्री गाडी आत घेतली की सकाळपर्यंत सगळा बर्फ वितळून जमिनीवर पाण्याचं थारोळं. मी म्हणायची, बघा, माझी गाडी कशी उबेत झोपते!

फेब्रुवारी २०११. चार-पाच दिवस समोरच्या पट्टीवर एक लाल दिवा मधूनच लागायचा आणि जायचा. मी नवऱ्याला फोनवर सांगितलं, तो परगावी होता. "थंडीने होत असेल. गाडी चालतेय ना? आलो की बघू." मलाही ते पटलं, कारण मला ते पटवून घ्यायचं होतं. मेकॅनिककडे गेलं की दोन-तीनशे डॉलर गेलेच, शिवाय गाडी नसताना दोन दिवस करायचं काय? गॅरेजमधलं थारोळं रोजचंच, त्याच्याकडे कोण बघणार?

त्या दिवशी मुलाला बालवाडीतून घेऊन परत येत होते. तो मागे त्याच्या खुर्चीत बांधलेला, गाणं म्हणत. पुढे चौकात शाळेची पिवळी बस थांबली होती. लांबूनच मी ब्रेकवर पाय ठेवला. पाय मऊ लागला. आणखी दाबला, तर थेट खाली. लोण्यात सुरी जावी तसा. गाडी थोडी मंदावली, पण थांबेना. मी पुन्हापुन्हा ब्रेक दाबत राहिले, हळूहळू हँडब्रेक ओढला आणि उजवीकडे रस्त्याच्या कडेला लोटून ठेवलेल्या बर्फाच्या ढिगात गाडी घातली. धप्प! बसपासून दोन गाड्यांच्या अंतरावर.

मागून मुलगा म्हणाला, "आई, पुन्हा कर."

मी स्टिअरिंगवर डोकं ठेवून रडले. कुणाला काही झालं नव्हतं. पण बसमधून उतरलेली चार पोरं त्याच चौकात रस्ता ओलांडत होती.

गाडी ओढून मेकॅनिककडे नेली. त्याने मला विचारलं, "मिस्टरांशी बोलू का फोनवर?" मी म्हटलं, "गाडी मी चालवते. मला दाखवा." तो जरा थबकला, मग त्याने गाडी लिफ्टवर वर उचलली आणि मला खाली बोलावलं. आयुष्यात पहिल्यांदा मी माझ्या गाडीचं पोट बघितलं.

मैत्रिणींनो, काय सांगू! वरून निळीशार आणि खालून अप्पांची स्कूटर. तपकिरी, फुगलेले पापुद्रे. मेकॅनिकने पेचकसाने एका जागी नुसतं टोचलं तर पत्र्यात भोक पडलं. मग त्याने एक नळी दाखवली. बॉलपेनच्या रिफिलीपेक्षा जराशी जाड, लोखंडी, पुढून थेट मागच्या चाकापर्यंत गेलेली. आपण ब्रेक दाबतो तेव्हा या नळीतलं तेल दाबलं जातं आणि त्या दाबाने चाकं थांबतात. एका क्लिपखाली खारा चिखल साठून ती नळी गंजली होती. आधी तेल थेंबथेंब गळत होतं, त्या दिवशी ती फुटली. गाडीत ब्रेकच्या तेलाचे दोन वेगळे मार्ग असतात. एक फुटला तरी दुसऱ्यावर दोन चाकं धरतात, फक्त थांबायला खूप जास्त अंतर लागतं. त्या दुसऱ्या मार्गाने आम्हाला वाचवलं.

आणि तो लाल दिवा? ब्रेकचं तेल कमी झाल्याचा. गॅरेजमधल्या थारोळ्यात नुसतं पाणी नव्हतं. बोट लावून बघितलं असतं तर बुळबुळीत लागलं असतं.

मी त्याला विचारलं, "पण मी तर गाडी उबेत ठेवत होते." तो हसला. म्हणाला, तिथेच चूक झाली. गंज चढायला लोखंड, हवा आणि पाणी लागतं. पाण्यात मीठ असलं की त्यातून वीज सहज वाहते आणि गंजण्याची क्रिया फार वेगाने होते. कडाक्याच्या थंडीत हीच क्रिया मंदावते, जसं फ्रीजमधलं दूध लवकर नासत नाही. मी काय करत होते, तर मीठ लावलेली गाडी रोज रात्री उबेला आणून ठेवत होते. विरजण लावून डबा ओट्यावर ठेवावा तसं!

दुरुस्तीला सातशे डॉलर लागले. त्याने लोखंडाऐवजी तांबं आणि निकेल यांच्या मिश्रधातूची नळी बसवली, ती सहसा गंजत नाही. शिवाय पुढे गाडीची काळजी कशी घ्यायची तेही सांगितलं. पैसे गेले, पण शिकवणी मिळाली असं म्हटलं.

मी एकटीच वेंधळी नव्हते, हे नंतर कळलं. एप्रिल २०१५ मध्ये अमेरिकेच्या रस्ते वाहतूक सुरक्षा विभागाने बर्फाळ राज्यांतल्या लोकांना जाहीर सूचनाच दिली, की २००७ सालच्या आणि त्याआधीच्या गाड्यांच्या ब्रेकच्या नळ्या तपासून घ्या आणि गाडी खालून धूत जा. २०१७ मध्ये 'ट्रिपल ए' या वाहनचालकांच्या संघटनेने हिशोब मांडला, तेव्हा रस्त्यावरच्या अशा क्षारांमुळे गंजलेल्या गाड्यांच्या दुरुस्तीवर अमेरिकन लोक वर्षाला सुमारे ३ अब्ज डॉलर घालवत होते.

तेव्हापासून माझं वर्ष गाडीच्या बाबतीत ठरून गेलं आहे. जसं लोणचं-पापडाचं असतं तसं.

सप्टेंबर-ऑक्टोबरात, पहिल्या बर्फाआधी, गाडी खालून-वरून स्वच्छ धुवायची आणि पूर्ण कोरडी होऊ द्यायची. मग खालून तेलकट फवारा मारून घ्यायचा. हा फवारा तेलाचा, मेणाचा किंवा मेंढीच्या लोकरीतून निघणाऱ्या लॅनोलिन नावाच्या मेणचट पदार्थाचा असतो. तो फटीफटींतून झिरपतो आणि पाणी लोखंडापर्यंत पोचू देत नाही. एक-दोन दिवस थेंब गळतात, म्हणून खाली पुठ्ठा अंथरायचा. हे दर वर्षी करावं लागतं. काही जण डांबरासारखा जाड काळा लेप लावून घेतात. तो नव्या, स्वच्छ पत्र्यावर ठीक. पण आधीच गंज असेल किंवा लेपाला तडा गेला, तर ओल आतच अडकते. ओल धरलेल्या भिंतीवर रंग मारला तर काय होतं, आपल्याला माहीत आहेच. वरून छान, आतून पोपडे.

वरच्या रंगाला मेणाचं पॉलिश करायचं. खडी उडून कुठे टवका गेला असेल तर तिथे त्याच रंगाचा हात द्यायचा. गंज शिरायला तेवढी वाट पुरते.

हिवाळ्यात दहा-पंधरा दिवसांनी, पारा शून्याच्या वर गेला की त्या दिवशी गाडी धुवायची. खालून पाण्याचा फवारा मारणारं धुलाई केंद्रच निवडायचं. वरून कितीही फेस केला, तरी त्याने पोट धुतलं जात नाही. धुऊन झाल्यावर दारांच्या कडा पुसायच्या, नाहीतर पाणी गोठून दार उघडत नाही. दारांच्या खालच्या कडेला बारीक भोकं असतात, पाणी निघून जायला. ती चिखलाने बुजू द्यायची नाहीत. आत परातीसारखे उंच काठ असलेले रबरी पाट्ये ठेवायचे, म्हणजे बुटांचं खारं पाणी गालिच्यात मुरत नाही. हीटर मी त्याच आठवड्यात काढून टाकला.

आणि सगळ्यात महत्त्वाची धुलाई शेवटची. बर्फ संपला, ऊन पडलं की माणसं गाडी विसरतात. पण ऊब आली की पोटाखाली राहिलेलं मीठ खरं कामाला लागतं. एप्रिलात गाडी खालून नीट धुतली नाही, तर हिवाळाभर केलेलं निम्मं वाया.

त्या फेब्रुवारीत हे सगळं मी आईला फोनवर सांगितलं. अपघाताचं थोडं कमी करून. आईने शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "अगो, पण तिथे समुद्र कुठे आहे?"

मी म्हटलं, "आई, समुद्र नाही. मीठ जमिनीखाली आहे." डेट्रॉइट शहराच्या पोटात सुमारे ३५० मीटर खोल मिठाची खाण आहे, १९१० च्या सुमारास सुरू झालेली. वर रस्ते, घरं, कारखाने आणि खाली मिठाच्या भिंतींमधून जाणारे बोगदे. कोट्यवधी वर्षांपूर्वी तिथे समुद्र होता, तो आटला आणि मीठ राहिलं.

आई म्हणाली, "म्हणजे समुद्रच की गो तो. जुना झालेला. मग इतकी वर्षं काय बघत होतीस? कोयत्याला तेल लावताना नव्हतीस का माझ्या शेजारी बसलेली?"

काय उत्तर देणार? होते शेजारी बसलेली. पण गाडी म्हणजे मोठी, परदेशी, पुरुषांच्या अखत्यारीतली गोष्ट, असं मी धरून चालले होते. तिला आईचा कोयत्याचा नियम लागू पडेल हे मनातच आलं नाही. पुसा, कोरडं करा, तेल लावा. नियम तेवढाच होता.

किनाऱ्यावरच्या गावांत राहणाऱ्या मैत्रिणींनाही हा नियम तसाच लागू आहे. तुमच्या स्कूटीवर बर्फ पडत नसेल, पण खारा वारा बारा महिने आहेच. स्कूटी आठवड्यातून एकदा गोड्या पाण्याने धुवा, मचूळ पाण्याने नको. फूटबोर्डच्या खाली, स्टँडच्या सांध्यात, चाकांच्या पंख्यांच्या आतून पाणी मारा. उन्हात कोरडी करा आणि मगच झाकण घाला. ओल्या गाडीवर कव्हर घालणं म्हणजे माझ्या हीटरचाच प्रकार. पुळणीत गाडी नेलीत तर त्याच दिवशी धुवा. घरात मासळीच्या वाहतुकीचा टेंपो असेल, तर बर्फाचं खारं पाणी हौद्यातून खाली गळतं. त्याचं पोट रोज धुतलं गेलं पाहिजे. वर्षातून एकदा, पावसाळ्याआधी, मेकॅनिकला सांगून ब्रेकच्या नळ्या आणि वायरी तपासून घ्या. समोर उभं राहून.

एवढं लक्षात ठेवा

• समोरचा लाल ब्रेकचा दिवा लागला, तर "नंतर बघू" नाही. गाडी तिथेच थांबवा.

• ब्रेकवरचा पाय नेहमीपेक्षा मऊ किंवा खोल गेला, तर मेकॅनिकला फोन करा. त्याच्याकडे चालवत नेऊ नका.

• गाडीखाली ओलं दिसलं तर बोट लावून बघा. बुळबुळीत लागलं तर ते पाणी नाही. हात लगेच धुवा, ब्रेकचं तेल कातडीला चांगलं नाही. ते रंगावर पडलं तर रंगही जातो.

• जुनी गाडी घेताना रंग आणि सीट नंतर बघा. आधी लिफ्टवर चढवून पोट बघा.

• मूल परदेशात बर्फाळ भागात असेल, तर पुढच्या फोनला जेवणाबरोबर हेही विचारा, "गाडी खालून कधी धुतलीस?"

मागच्या ऑक्टोबरात आमच्या गल्लीत सांगलीची एक नवी मुलगी आली. तिनेही जुनीच गाडी घ्यायची ठरवली होती. लाल, चकचकीत. "ताई, बघा ना, किती गोड आहे!" मी म्हटलं, "गोड आहे की खारट, ते खालून कळेल." तिला घेऊन मेकॅनिककडे गेले. गाडी वर गेली आणि आम्ही दोघी माना वर करून तिच्या पोटाखाली उभ्या राहिलो. मागच्या चाकाकडे जाणारी नळी तपकिरी पडली होती.

ती म्हणाली, "हे तर आमच्या पाण्याच्या टाकीच्या झाकणासारखं दिसतंय."

"तुला कळतंय की मग," मी म्हटलं. ती गाडी आम्ही घेतली नाही.